पोळीच्या गुंडाळीतले वेस्ट इंडिज

मुंबईच्या रस्त्यावर मिळणाऱ्या खाद्यपदार्थांची नावे बहुधा त्यांच्या घटकांवरून पडलेली असतात. वडा आणि पाव मिळून वडापाव झाला, पाव आणि भाजी मिळून पावभाजी झाली. भेळ या शब्दाचा अर्थच मुळी मिसळ असा आहे. फ्रँकी हा पदार्थ मात्र या रीतीला अपवाद ठरतो. अमरजितसिंग टिब्ब या गृहस्थांनी परदेश प्रवासात बैरुत येथे पिटा रोटीत गुंडाळलेले मांस खाल्ले आणि मुंबईस परतल्यावर पत्नीच्या साह्याने त्याला देशी रूप दिले. अंड्याचे पूट चढवून तव्यावर भाजलेली रोटी, आत मसालेदार मटण किंवा कोंबडी, वर कांदा आणि शिरक्यातील मिरची, अशी ही गुंडाळी १९६९ साली मुंबईत विक्रीस आली. तिला नाव द्यावयाचे ठरले तेव्हा टिब्ब यांना आठवण झाली ती वेस्ट इंडिजचे कर्णधार सर फ्रँक वॉरेल यांची. वॉरेल त्यापूर्वी दोनच वर्षे, १९६७ च्या मार्चमध्ये, जमैकात अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी निवर्तले होते.

या नावाचा मुंबईकरांना परकेपणा वाटला नाही याला कारण आहे. १९६२ साली बार्बाडोस येथे ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर आदळून भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूच्या दारात गेले, तेव्हा त्यांच्यासाठी रक्त देण्यास जे पुढे सरसावले त्यांत प्रतिस्पर्धी संघाचा कर्णधार होता. त्यानंतर नऊ वर्षांनी वाडेकरांचा संघ त्याच बेटांवरून मालिका जिंकून आला, गावस्करांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि त्रिनिदादच्या एका कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणे रचले. शिवाजी पार्क आणि पोर्ट ऑफ स्पेन यांच्यातील अंतर भूगोलाच्या पुस्तकात कितीही असो, मनात ते फार नव्हते.

आता परळच्या ज्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि उपाहारगृहे उभी आहेत तेथील खाद्यपत्रिकांत 'कॅरिबियन चिकन रॅप' असे नाव वाचावयास मिळते. शिजवून तंतू तंतू सोडवलेली कोंबडी, तिच्यावर अननस किंवा आंब्याची तिखट-आंबट कोशिंबीर आणि भोवती एक मऊ रोटी, एवढाच हा पदार्थ. ती फळांची कोशिंबीर तेथे 'साल्सा' या नावाने येते आणि त्या नावाचीही किंमत बिलात मोजावी लागते. दादर-गिरगावातील महाविद्यालयीन मुले हा पदार्थ बाहेर खाऊन येतात आणि सुटीच्या दिवशी घरच्या ओट्यावर करून पाहू म्हणतात. ही हौस नवी आहे, पदार्थ परका आहे, असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटते. यातले पहिले विधान खरे आहे. दुसरे मात्र तपासून घेतले पाहिजे.

बटाटा हा शब्दच घ्या. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी पावात घालून विकावयास घेतलेला वडा हा मराठी माणसाच्या अस्मितेचा विषय झाला. पण त्यातील 'बटाटा' हे नाव कॅरिबियन बेटांवरील तैनो लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांमार्फत कोकणकिनाऱ्यास लागले. त्या बेटांवर ते रताळ्याचे नाव होते, आपल्याकडे ते दुसऱ्याच कंदाला चिकटले, इतकाच फरक. पाव हा शब्द तर सरळ पोर्तुगीज आहे. म्हणजे वडा तेवढा आपला. अननस, पपई आणि काजू ही नावेही त्याच पलीकडच्या गोलार्धातून त्याच गलबतांनी आणली. आणि मिरची! कोलंबस बेटांवर उतरला त्याच्या आधी ती या देशात नव्हती. ती गोव्याच्या वाटेने आली म्हणून एके काळी तिला गोवाई मिरची म्हणत. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत उन्हाळ्यात बेडगी, संकेश्वरी आणि लवंगी मिरचीच्या ढिगांपुढे उभ्या राहणाऱ्या गृहिणीला हे सारे सनातन वाटते, आणि तिचे वाटणे चुकीचे म्हणता येत नाही. चारशे वर्षे हा काही थोडा काळ नव्हे.

देवघेव एकतर्फी नव्हती. आंबा येथून तिकडे गेला. फ्रेंच जहाजावरून नेली जाणारी आंब्याची रोपे १७८२ साली इंग्रज आरमाराने पकडली आणि ती जमैकात लावली गेली. आज जमैकात आंब्याच्या ज्या जाती लोकप्रिय आहेत त्यांपैकी एकीचे नाव 'बॉम्बे' असे आहे. परळच्या उपाहारगृहात कॅरिबियन म्हणून जी आंब्याची कोशिंबीर पुढ्यात येते तिची ही वंशावळ.

रोटीची कथा मात्र इतकी सुखाची नाही. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. १८३८ मध्ये गयानात आणि १८४५ मध्ये त्रिनिदादमध्ये हिंदुस्थानी मजुरांची पहिली जहाजे पोचली. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उमटवून गेलेली ही माणसे मुख्यतः बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातील होती. एकट्या त्रिनिदादला १ लाख ४० हजारांहून अधिक गेली. नामदार गोखले यांनी १९१२ साली केंद्रीय कायदेमंडळात ही करारपद्धती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी मताधिक्याने तो फेटाळला गेला. भरती थांबली ती १९१७ मध्ये, आणि तोवर गोखले हयात नव्हते. फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलेल्या या माणसाने ज्या मजुरांसाठी वाद घातला, त्या मजुरांच्या बायकांनी मळ्यावरच्या दुपारच्या जेवणासाठी जी सोय काढली ती म्हणजे रोटीत भाजी किंवा सागुती गुंडाळून देणे. ताट नको, वाटी नको, हात धुवायला पाणी नसले तरी चालेल. त्रिनिदादमध्ये डाळीचे पुरण भरलेली ती 'दालपुरी' आजही कागदात गुंडाळून विकली जाते. तव्यावर लाकडी उलथन्यांनी आपटून चिंध्या केलेल्या पराठ्याला तेथे 'बस-अप-शट' म्हणतात. इंग्रजीतील फाटक्या सदऱ्याचा तो अपभ्रंश. ज्यांच्या अंगावर फाटके सदरे होते त्यांच्या वंशजांनी ठेवलेले हे नाव आहे.

पदार्थ करावयाचा कसा, हे आता पाहू. जमैकाची कोंबडी भाजण्याची रीत 'जर्क' या नावाने ओळखली जाते आणि डोंगरात पळून गेलेल्या गुलामांनी ती वाढवली. तिचा मसाला दोन गोष्टींवर उभा आहे, एक जहाल मिरची आणि दुसरी पिमेंटो नावाच्या झाडाची वाळलेली फळे. या फळांना लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा एकवटलेला वास असतो. लालबागमध्ये ती मागत फिरण्याचे कारण नाही. चार लवंगा, बोटभर दालचिनी, दहा-बारा मिरे आणि किसलेले चिमूटभर जायफळ एकत्र कुटले की काम भागते. तिकडे थाइमची पाने घालतात. त्यांचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते थायमॉल आपल्या ओव्यात भरपूर असते, म्हणून अर्धा चमचा ओवा. आले, लसूण, कांद्याची पात, तीन-चार हिरव्या मिरच्या, एका लिंबाचा रस, सुपारीएवढा गूळ आणि मीठ हे सारे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटून एक किलो कोंबडीला चोळावे आणि दोन तास ठेवावे. कोंबडी हाडांसकट घ्यावी, तुकडे मोठे ठेवावेत. जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर ती परतून, वाटीभर पाणी घालून, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर पाऊण तास शिजू द्यावी. घाई असल्यास कुकर आहेच, पण रस पातळ होतो आणि तो पुन्हा आटवत बसावे लागते.

मांस हाडापासून आपोआप सुटू लागले की तुकडे परातीत काढून निवू द्यावेत. गरम असताना ओढले तर चुरा होतो, पुरते गार झाले तर तंतू चिवट होतात. कोमट असताना दोन काट्यांनी, नाही तर सरळ बोटांनी, तंतूंच्या दिशेने ते सोडवावे आणि पातेल्यात आटलेल्या रसात परत टाकून हलवावे. या शेवटच्या पायरीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि मग कोंबडी कोरडी झाली अशी तक्रार येते.

कोशिंबिरीला नवे काही शिकावे लागत नाही. अननसाचे किंवा पाडाला लागलेल्या आंब्याचे बारीक तुकडे, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. मीठ वाढतेवेळी घालावे, कारण ते आधी घातले की फळाला पाणी सुटते आणि पोळी भिजून फाटते. काकडीच्या कोशिंबिरीचा हा नियम प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. गोव्याकडील घरांत आंबा-अननसाचे सासव करतात, त्यात गोड फळाला मोहरी आणि मिरचीची जोड असतेच. फळ तिखट खाणे हे आपल्याला अपरिचित नाही. शाळेच्या दाराशी तिखट-मीठ लावलेली कैरी खाल्लेल्या माणसाने साल्सा या शब्दाला बुजावे हे चमत्कारिक होय. अर्थात फळाच्या दर्जाचा प्रश्न आहे. चांगला हापूस या कामी वापरणे हा अपव्यय. दादरच्या बाजारात संध्याकाळी उरलेली, एका बाजूला लागलेली फळे स्वस्त मिळतात, तीच येथे योग्य.

आता या पदार्थाचे अर्थशास्त्र. एक किलो कोंबडीत हाडे वजा जाता मांस निम्म्याच्या आसपास निघते. त्याचा रस्सा केला तर चार माणसांचे एक जेवण होते. तेच मांस सोडवून, प्रत्येक पोळीत मूठभर आणि वर तितकीच फळाची कोशिंबीर या प्रमाणात घातले तर आठ ते दहा गुंडाळ्या होतात. मांस महाग असेल तेव्हा ते बारीक करून धान्यात आणि भाजीत पसरवणे हे जगातल्या सर्व काटकसरी स्वयंपाकघरांचे शहाणपण आहे. पण यात केवळ काटकसर नाही. रश्शाच्या कोंबडीत तुकड्यांची उतरंड असते. तंगडी कोणाला, छातीचा तुकडा कोणाला, आणि मान, पंखांची टोके व पाठीचे हाड कोणाच्या वाट्याला, हे घराघरांत न बोलता ठरलेले असते. कोंबडी चुलीवर चढवणारी स्त्री सर्वांच्या मागून बसते आणि रश्शाशी भात कालवते. अमर्त्य सेन यांनी कुटुंबांतर्गत वाटपाविषयी जे लिहिले आहे त्याचे उदाहरण शोधावयास दूर जाण्याची गरज नाही; रविवारी दुपारी एखाद्या कोंबडीच्या पातेल्यात डोकावले तरी पुरे. सोडवलेल्या मांसात तंगडी ओळखू येत नाही. प्रत्येक पोळीत सारखाच घास पडतो, आणि शेवटची पोळी करणाऱ्या बाईच्या पोळीतही तो पडावा लागतो, कारण रिकामी गुंडाळी लगेच दिसते. समतेचा इतका स्वस्त उपाय पाकशास्त्राच्या पुस्तकांत अन्यत्र आढळत नाही.

तथापि ही समता पोळीशी येऊन अडते. दादरला जिला पोळी म्हणतात आणि लालबागला चपाती, ती करणार कोण? गुंडाळीची पोळी नेहमीपेक्षा मोठी लाटावी लागते, कोमट पाण्यात थोडे तेल घालून कणीक सैल मळावी लागते आणि कमी भाजून लगेच फडक्यात झाकावी लागते, नाही तर ती वळताना मोडते. दहा माणसांच्या गुंडाळ्या म्हणजे दहा मोठ्या पोळ्या, आणि त्या ओट्याशी उभे राहून, मे महिन्याच्या उकाड्यात. हौस मुलांची, पाककृती बेटांची आणि घाम आईचा, असा हिशेब बहुतेक घरी होतो. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली असे आढळले की घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात, तर असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रीची १० मिनिटे वाचली आणि पुरुषाने स्वतःची ९ वाचवून घेतली. घरकाम करणारे पुरुष मुळात थोडे, हे ध्यानात घेतले म्हणजे ९७ हा आकडाही दिसतो त्याहून लहान होतो.

हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगतो. पिगू यांचे ते जुने उदाहरण प्रसिद्धच आहे: एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला की राष्ट्राचे उत्पन्न घटते. गिरणगावात याच्या उलटीचे उदाहरण अनेक दशके डोळ्यांदेखत चालले होते. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार ज्या खाणावळींत जेवत, त्या खाणावळी म्हणजे चाळीतल्या एका खोलीत एका बाईने दहा-बारा माणसांसाठी पेटवलेली चूल असे. तिच्या पोळीला येथे किंमत होती, परंतु ती महिनाअखेर मिळावयाची. दाणे, तेल, रॉकेल आधी उधारीवर आणावयाचे, व्याज सावकाराच्या दराने, आणि पगार झाला की वसुली. खेळते भांडवल नसलेला हा उद्योग होता. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले आणि परस्परांच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या या कार्यकर्तीला जे दिसले ते फार थोड्या अर्थतज्ज्ञांना त्या काळी दिसले होते: उद्योजक म्हणून जिला कोणी गणत नाही अशी बाई गिरणीचा एक पाळीभर कामगार पोसते आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबला, माणसे गावी गेली, आणि खाणावळवालीची मागची बाकी तशीच राहिली. संपाच्या इतिहासात मालक आहेत, युनियन आहे, सरकार आहे; या बाकीची नोंद कोणत्या पानावर शोधावी? अन्नपूर्णेतील अनेकींनी पुढे डबे आणि कार्यालयांची जेवणे यांकडे मोर्चा वळवला. गिरणगावातील पुष्कळ तरुणांच्या हाती वडापावाची गाडी आली. बसून जेवण्याच्या वस्तीचे उभ्याने खाण्याच्या वस्तीत रूपांतर झाले, त्यात चवीपेक्षा भोंगा बंद होण्याचा वाटा मोठा होता.

म्हणून परळच्या मॉलमधील कॅरिबियन रॅप ही केवळ फॅशन समजून हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. मळ्यातल्या मजुराची दुपारची शिदोरी त्याच जातीच्या दुसऱ्या मजुराच्या उखडलेल्या गिरणीच्या जमिनीवर शोभिवंत होऊन परत आली आहे, आणि ती खाणारे बहुतेक लोक संगणकापुढे मजुरी करणारेच आहेत, जेवणाची सुटी अर्ध्या तासाची. त्यांना हातात धरून खाता येईल असेच काहीतरी हवे. या अर्थी गरज तीच राहिली, दर तेवढा बदलला.

घरी करणाऱ्यांसाठी एक मार्ग खुला आहे आणि तो दादरमध्ये चांगला रुळला आहे. पोळीभाजी केंद्रात नुसत्या पोळ्या नगावर मिळतात. त्या लाटणाऱ्या बायकांना त्याचे पैसे मिळतात. पुरेसे मिळतात की नाही हा प्रश्न वेगळा आणि तो विचारला गेला पाहिजे, कारण पोळीचा भाव वाढला की गिऱ्हाईक कुरकुरते आणि कोंबडीचा वाढला तर मुकाट्याने देते. आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास मोठ्या पोळ्याही करून देणारी केंद्रे आहेत. मग घरी उरते ते मसाला वाटणे, कोंबडी शिजवणे आणि ती सोडवणे. हे तिसरे काम तर सात-आठ वर्षांच्या मुलापासून निवृत्त कारकुनापर्यंत कोणालाही येते, त्याला फक्त हात स्वच्छ लागतात आणि अर्धा तास बसण्याची तयारी. गुंडाळताना पोळीची खालची कड आधी दोन बोटे आत दुमडावी, मग बाजू. असे न केल्यास सारा रस मनगटावरून कोपरापर्यंत येतो.

हाडे टाकू नयेत. ती दोन कांदे आणि चार मिऱ्यांबरोबर तासभर उकळली की दुसऱ्या दिवशीच्या सकाळी पातळ, झणझणीत सार होते, आणि पिळलेल्या लिंबाची उरलेली फोड त्यातच टाकता येते.